नखाएवढ्या दुःखाचं माप

मराठीत नख हे क्षुद्रपणाचं माप आहे. एखाद्याला कमी लेखायचं असेल तर 'त्याला अमक्याच्या नखाचीही सर नाही' असं आपण म्हणतो. 'नखभर' म्हणजे नसल्यासारखंच. 'नखशिखांत' या शब्दातही नख म्हणजे शरीराची हद्द, माणूस जिथे संपतो ती जागा. त्यामुळे नखाचं दुखणं घेऊन डॉक्टरकडे जाणाऱ्याला आधी स्वतःचीच समजूत घालावी लागते. घरचे म्हणतात, 'नखालाच झालंय ना?' आणि विषय तिथेच मिटतो.

नखांचा सोरायसिस हे अशांपैकीच एक दुखणं. याने जिवाला धोका होत नाही. पण तो माणसाच्या रोजच्या जगण्यातला किती हिस्सा कापून नेतो, हे आकड्यांत मांडण्याचा खटाटोप युरोप-अमेरिकेत गेली तीसेक वर्षं चालू आहे. दुःख मोजता येतं का, हा प्रश्न तत्त्वज्ञांचा आणि कवींचा, अशी आपली समजूत असते. इथे मात्र तो प्रश्नावली छापून, गुण देऊन, बेरीज करून सोडवला जातो. आणि त्या बेरजेवर कोणाला कोणतं औषध मिळावं हेही ठरतं. या मोजपट्ट्या ज्यांच्या हातांकडे पाहून तयार झाल्या ते हात वेगळे आणि सोलापूरचे हात वेगळे. या फरकाने आकडा किती बदलतो, हे मला या लेखात दाखवायचं आहे.

मी डॉक्टर नाही. कापडाच्या पेढीवर हिशेब लिहिण्यात उमेदीची वर्षं गेली. तोच टॉवेलचा गठ्ठा वजनावर घेतला की एक हिशेब निघतो आणि डझनावर घेतला की दुसरा. मोजमापाकडे थोडं तिरकं पाहायची खोड तिथली.

सोरायसिस हा दाहाचा दीर्घकाळ चालणारा आजार. शरीराची संरक्षण यंत्रणा बिघडते, त्वचेच्या पेशी नेहमीच्या कितीतरी पट वेगाने तयार होतात, लालसर चट्टे उठतात आणि त्यांवर चंदेरी खपल्या धरतात. तो एकाचा दुसऱ्याला होत नाही. भारतातल्या वेगवेगळ्या पाहण्यांत त्याचं प्रमाण ०.४४ ते २.८ टक्के इतकं आढळलं आहे. ज्यांना तो होतो त्यांच्यापैकी साधारण निम्म्या लोकांच्या नखांवर कोणत्याही वेळी त्याच्या खुणा सापडतात. आयुष्यात कधी ना कधी नखं बिघडणाऱ्यांचं प्रमाण ८० ते ९० टक्क्यांपर्यंत सांगितलं जातं. काहींच्या अंगावर एकही चट्टा नसतो, फक्त नखं गेलेली असतात.

नख बिघडतं ते दोन जागी. एक, नखाचं मूळ, म्हणजे मागच्या कातडीखाली दडलेला, नख घडवणारा भाग. तिथे आजार असेल तर नखावर बारीक खड्डे पडतात. शिंप्याचं अंगुस्तान असतं ना, तसं नख दिसू लागतं. दुसरी जागा नखाखालची गादी. तिथे आजार असेल तर नख गादीपासून सुटतं, खाली तेलाचा थेंब सांडल्यासारखा पिवळट-तपकिरी डाग दिसतो, खपल्यांचा थर साचून नख वर उचललं जातं. खड्डे दिसतात, पण दुखत नाहीत. सुटलेलं, उचललेलं नख मात्र दुखतं, अडकतं, मोडतं. हा फरक लक्षात ठेवायचा, कारण मोजणीतली पहिली गडबड इथूनच सुरू होते.

आणखी एक गोष्ट जाता जाता. जाड, पिवळं नख दिसलं की पुष्कळदा बुरशी समजून महिनोन् महिने औषध घेतलं जातं. नखाखालचा भुगा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बुरशी आहे की नाही ते कळू शकतं. साधी तपासणी आहे, मागून घ्यावी. कधी कधी दोन्ही एकत्रही नांदतात. शिवाय नखांचा सोरायसिस ही सांध्यांच्या आजाराची आगाऊ सूचना असू शकते. नखाचं मूळ आणि बोटाचा शेवटचा सांधा एकमेकांना इतके लगटून असतात की एकाचा दाह दुसऱ्याला भिडतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील ऑल्मस्टेड काउंटीतल्या रुग्णांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला; त्यात नखं बिघडलेल्या सोरायसिसच्या रुग्णांना पुढे संधिवात होण्याची शक्यता जवळपास तिप्पट आढळली. म्हणजे 'नखालाच झालंय ना' हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्याही बरोबर नाही.

आता मोजणीकडे येऊ. सोरायसिसचा जोर मोजण्याची सर्वांत प्रसिद्ध पद्धत 'पासी' नावाची, १९७८ सालची. डोकं, हात, धड आणि पाय अशा चार भागांतल्या चट्ट्यांचा लालपणा, जाडी, खपल्या आणि पसारा पाहून ० ते ७२ असे गुण देतात. त्यात नखांना जागाच नाही. वीसच्या वीस नखं गळून पडायला आली तरी अंग स्वच्छ असेल तर पासी शून्य. ही उणीव भरून काढायला फीबी रिच आणि रिचर्ड शेर या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी २००३ साली नखांसाठी वेगळी पद्धत सुचवली, तिला 'नॅप्सी' म्हणतात. प्रत्येक नखाचे मनाने चार भाग पाडायचे. मुळाच्या आजाराची खूण जितक्या भागांत दिसेल तितके गुण, जास्तीत जास्त ४. गादीच्या आजाराची खूण जितक्या भागांत, तितके गुण, पुन्हा जास्तीत जास्त ४. एका नखाला ८, हाताच्या दहा नखांना मिळून ८०.

पद्धत सुटसुटीत आहे. पण हिशेब करून पाहा. एका माणसाच्या दहाही नखांवर सगळीकडे बारीक खड्डे आहेत, बाकी काही नाही. त्याला प्रत्येक नखाचे ४, एकूण ४०. दुसऱ्याची नऊ नखं धडधाकट आहेत, फक्त उजव्या अंगठ्याचं नख चारही भागांत भुसभुशीत झालंय आणि गादीपासून उचललं गेलंय. त्याचे गुण ८. पहिला माणूस सगळी कामं करतो, फार तर कोणी हात पाहिला तर ओशाळतो. दुसऱ्याला सुईत दोरा ओवता येत नाही. नॅप्सीच्या दृष्टीने पहिल्याचा आजार दुसऱ्याच्या पाचपट. यात नॅप्सीचा दोष नाही. तिने नख मोजलं, माणूस मोजण्याचं आश्वासन तिने दिलंच नव्हतं.

माणूस मोजायचा म्हणून प्रश्नावल्या आल्या. त्यांतली सर्वांत गाजलेली वेल्समधल्या कार्डिफ शहरातली. अँड्र्यू फिनले आणि त्यांचे सहकारी खान यांनी ती १९९४ साली प्रसिद्ध केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'डीएलक्यूआय' म्हणतात. तिची सुरुवात मला फार आवडते. त्यांनी टेबलाशी बसून प्रश्न काढले नाहीत. त्वचेच्या निरनिराळ्या आजारांच्या १२० रुग्णांना विचारलं, की या आजाराने तुमच्या जगण्यात काय काय बिघडलं ते लिहा. त्या उत्तरांतून दहा प्रश्न उरले. गेल्या आठवड्यात खाज, वेदना किती झाली. संकोच वाटला का. खरेदी, घरकाम, बागकाम यांत अडचण आली का. कपडे निवडताना विचार करावा लागला का. लोकांत मिसळणं, खेळ, नोकरी किंवा शिक्षण, जवळची माणसं, लैंगिक संबंध, आणि शेवटी खुद्द उपचारांचा त्रास. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण ३०. पुढे २००५ साली या गुणांना अर्थही लावून दिला गेला: ६ ते १० म्हणजे जगण्यावर मध्यम परिणाम, ११ ते २० म्हणजे फार मोठा परिणाम.

दोन मिनिटांत भरून होणारा हा कागद आज शंभराहून अधिक भाषांत गेला आहे. ब्रिटनमध्ये तर सोरायसिसवरची महागडी जैविक इंजेक्शनं सरकारी खर्चाने द्यायची की नाही, हे ठरवताना पासी किमान १० आणि डीएलक्यूआय १० पेक्षा जास्त, अशी अट लावली गेली. म्हणजे ११ गुण मिळाले तर दार उघडतं, ९ मिळाले तर नाही. भारतात असा सरकारी नियम नसला तरी औषधांच्या चाचण्या, प्रबंध आणि तज्ज्ञांच्या शिफारशी याच आकड्यांत बोलतात.

नखांच्या रुग्णांच्या बाबतीत या कागदाची अडचण पहिल्याच ओळीपासून आहे. प्रश्न 'त्वचे'विषयी आहेत. नख म्हणजे त्वचा, हे डॉक्टरला ठाऊक. रुग्णाला कोण सांगणार? ज्याच्या अंगावर चट्टा नाही तो प्रामाणिकपणे 'अजिबात नाही'वर खूण करत जातो.

नखांच्या रुग्णांना वेगळं विचारलं की काय निघतं, ते १९९६ साली नेदरलँड्समधून प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं. नखांचा सोरायसिस असलेल्या १७२८ रुग्णांची उत्तरं त्यात होती. निम्म्याहून जास्त जणांनी वेदना होते असं सांगितलं; ५८.९ टक्के लोकांनी नखांमुळे रोजच्या कामांवर बंधन येतं असं सांगितलं. दिसण्याचा त्रास तर ९३ टक्क्यांना होता. तोवर पुस्तकांत नखांचा सोरायसिस म्हणजे मुख्यतः दिसण्यातला दोष असाच सूर होता. मग फ्रान्समधल्या ऑर्तोन, बारान आणि सहकाऱ्यांनी २०१० साली फक्त नखांसाठी दहा प्रश्नांची मोजपट्टी केली, आणि २०१४ साली हॅम्बुर्गच्या मॅथियास ऑगस्टिन यांच्या गटाने 'नॅप्पा' नावाचा तीन भागांचा संच आणला. त्यातल्या एका भागात जीवनमानाविषयी वीस प्रश्न आहेत, खुणा, लोकनिंदा आणि रोजचं जगणं अशा तीन गटांत. दुसरा भाग मला जास्त शहाणपणाचा वाटतो. उपचारापूर्वी रुग्णालाच विचारतात, की या उपचारातून तुम्हाला काय साधायचं आहे आणि त्यातलं कोणतं किती महत्त्वाचं. नंतर विचारतात, त्यातलं किती साधलं. महत्त्व रुग्णाने ठरवायचं, गुण त्यानुसार.

अशा कोणत्याही मोजपट्टीला तीन परीक्षा द्याव्या लागतात. आजार बदलला नसेल तर आज आणि पंधरा दिवसांनी तोच आकडा येतो का. आजार बदलला तर आकडाही हलतो का. आणि जे मोजायचं म्हणून सांगितलं तेच मोजलं जातंय का. पहिल्या दोन परीक्षा गणिताने घेता येतात. तिसरी गणिताने पुरी होत नाही, तिच्यासाठी माणसांच्या हातांकडे पाहावं लागतं.

सोलापुरात हात काय करतात? या शहराची चादर आणि टॉवेल सगळ्यांना माहीत आहेत. त्यांमागे यंत्रमागावर तुटलेला धागा हुडकून, दोन टोकं चिमटीत धरून गाठ मारणारी बोटं आहेत. आणि ज्या घरात पुरुष मागावर, त्या घरात बाई विडी वळते, हे पूर्व भागातलं जुनं चित्र. विडी कामगार महिलांची संख्या किती मोठी, याची कल्पना यायला कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत पुरे: एकट्या तिथे या कामगारांसाठी दहा हजार घरं बांधली गेली.

विडी कशी वळतात ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तेंदूचं पान भिजवून मऊ करतात. पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापतात. त्यात तंबाखू पसरून गुंडाळतात, दोऱ्याने बांधतात आणि उघडं तोंड आत दुमडून बंद करतात. दुमडण्याचं काम नख करतं, फार तर नखाच्या जोडीला एखादी लहानशी लोखंडी काडी. मांडीवर सूप, त्यात पानं आणि तंबाखू, आणि ही क्रिया दिवसात शेकडो वेळा. मजुरी हजारावर मिळते. कारखान्यात विड्या तपासल्या जातात. ज्यांचं तोंड नीट मिटलं नाही, जी सैल आहे, ती बाजूला पडते. त्या विडीचे पैसे नाहीत, पान-तंबाखू मात्र गेलेलं.

इथे नख म्हणजे शोभा नव्हे, हत्यार आहे. आणि सोरायसिसला हत्यार झालेलं नख आवडत नाही. जिथे घासतं, दबतं, इजा होते तिथे सोरायसिस उमटतो, हे हाइनरिश कोब्नर यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवलं. ती घटना आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. म्हणून नखांच्या रुग्णाला दिल्या जाणाऱ्या सूचनांच्या कागदावर जगभर दोन वाक्यं असतातच: नखं बारीक कापा आणि नखांचा हत्यारासारखा वापर करू नका. सूचना अगदी योग्य आहे. विडीवाल्या बाईच्या दृष्टीने तिचा अर्थ मात्र 'काम सोडा' असा होतो.

आता अशा एका बाईला डीएलक्यूआयचा कागद देऊ. ही बाई आणि तिचे गुण मी उदाहरणासाठी मनाने मांडले आहेत. पण गुण देण्याचे नियम खरे आहेत. अंग स्वच्छ, उजव्या हाताची तीन नखं गेलेली. वेदना बऱ्यापैकी, २ गुण. संकोच थोडा, १. घरकामात अडचण थोडी, १. कपडे, ०. लोकांत मिसळणं, १. खेळ: 'लागू नाही', ०. नोकरी किंवा शिक्षण: ती घरी बसून विड्या वळत होती, त्याला ती नोकरी म्हणत नाही, 'लागू नाही', ०. जवळच्यांशी अडचण, ०. लैंगिक संबंध: 'लागू नाही', ०. उपचाराचा त्रास, १. बेरीज ६. 'मध्यम परिणाम', तोही काठावर.

खरी गोष्ट अशी, की नखांमुळे तिचं विड्या वळणं गेल्या आठवड्यात बंद होतं. प्रश्न तसा विचारला असता, म्हणजे 'विड्या वळता आल्या का?' असा, तर उत्तर 'नाही', गुण ३, बेरीज ९. आणि अजून एक गोम आहे. 'लागू नाही' याला शून्य देणं म्हणजे 'त्रास नाही' म्हणणं. या खोडीवर बरंच लिहिलं गेलं, आणि २०१८ साली बुडापेस्टच्या संशोधकांनी दुरुस्ती सुचवली: जे प्रश्न लागूच नाहीत ते छेदातून वगळा. आपल्या बाईला आता आठ प्रश्न लागू आहेत. ९ गुणिले १० भागिले ८, म्हणजे ११.२५, म्हणजे ११. 'फार मोठा परिणाम.' तीच बाई, तोच आठवडा, तीच तीन नखं. एका हिशेबाने ६, दुसऱ्याने ११. ब्रिटनमधलं ते दार मधे कुठेतरी आहे.

नखांसाठीच्या युरोपीय मोजपट्ट्या वापरल्या तर पहिली अडचण सुटेल, कारण त्या थेट नखांविषयी विचारतात. पण रोजचं जगणं म्हणजे कोणतं? मी गेली काही वर्षं ओळखीपाळखीत, दवाखान्याच्या बाकड्यावर, चाळीत, ज्यांची नखं अशी आहेत त्यांना एकच गोष्ट विचारत आलो: नखांमुळे काय करता येत नाही? ही पाहणी नव्हे, वहीतल्या नोंदी आहेत. उत्तरं अशी. लसूण सोलता येत नाही. शेंगा फोडता येत नाहीत. सोलापुरात हे साधं प्रकरण नाही. भाकरी थापताना पीठ नखाखाली शिरतं आणि वाळून टोचतं. मिरची-मिठाचा हात झाला की उचललेल्या नखाखाली आग होते, म्हणून जेवताना चमचा घ्यावा लागतो, आणि पंगतीत चमचा घेतला की लोक हात पाहतात. परकराच्या नाडीची गाठ सुटत नाही. ब्लाउजचे हूक दुसऱ्याकडून लावून घ्यावे लागतात. लेकीच्या डोक्यातल्या उवा काढता येत नाहीत. साडीच्या, गोधडीच्या धाग्यात नख अडकतं आणि ब्रह्मांड आठवतं. एक मागवाले गृहस्थ म्हणाले, धाग्याचं टोक दिसतं, पण उचलता येत नाही. बागकामाचा उल्लेख एकानेही केला नाही.

लोकनिंदेचंही तसंच. कार्डिफच्या प्रश्नावलीत कपड्यांविषयी विचारतात, कारण चट्टे कपड्याने झाकता येतात. नखं झाकता येत नाहीत; बायका नेलपेंट लावतात, पुरुषांना तेही नाही. बांगड्या भरताना हात कासाराच्या हातात द्यावा लागतो. हळदीकुंकवाला बोट पुढे करावं लागतं. तीर्थ घ्यायला तळहात पसरला तरी बोटं दिसतातच. मुलगी पाहायला आलेल्यांसमोर पोह्यांची बशी धरायची असते. या सगळ्यामागे एक जुना शब्द आहे. आयुर्वेदात त्वचारोगांचा मोठा समूह 'कुष्ठ' या नावाखाली येतो, त्याचे अठरा प्रकार सांगितले आहेत; आजचे वैद्य सोरायसिसचं साम्य त्यांतल्या एककुष्ठाशी किंवा किटिभाशी दाखवतात. शास्त्रात तो शब्द वर्गवारीचा आहे, पण बोलीत 'कुष्ठ' म्हणजे महारोगच. युरोपातही सोरायसिस आणि महारोग यांची शतकानुशतकं गल्लत होती, ती १८४१ साली व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी पक्की सोडवली. पुस्तकातली गल्लत सुटून पावणेदोनशे वर्षं उलटली. कासाराच्या दुकानातली अजून सुटायची आहे.

मग या प्रश्नावल्या मराठीत आणायच्या कशा? दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, तिसऱ्याने ते न पाहिलेल्या मूळ भाषेत परत न्यायचं, दोन्ही ताडून पाहायचे, अशी रीत आहे. रीत चांगली आहे, पण तेवढ्याने भागत नाही. डीएलक्यूआयचा दुसरा प्रश्न घ्या. इंग्रजीत तिथे दोन भावना जोडीने विचारल्या आहेत, एक लाजल्यासारखं होण्याची आणि एक लोक आपल्याकडे पाहताहेत या जाणिवेची. मराठीत 'लाज वाटली का?' असं विचारून पाहिलं तर एक आजी ताडकन म्हणाल्या, 'लाज कशाची? मी काय कुणाचं चोरलंय का?' त्यांचं बरोबर होतं. आपल्याकडे लाजेला कृत्य लागतं. 'संकोच' कळतो, पण तो छापील आहे; नखांविषयी बोलताना कोणी वापरत नाही. 'ओशाळणं' जवळ जातं, तरी त्यातही आपलं काहीतरी चुकल्याची छटा आहे. 'अवघडल्यासारखं होतं का?' हे सर्वांत चपखल वाटलं. पण दुखऱ्या बोटाच्या माणसाला विचारलं तर तो बोट वाकवून दाखवतो. माझं मत असं झालं आहे, की भावनेचं नाव विचारूच नये, कृती विचारावी. 'चारचौघांत हात पदराखाली किंवा खिशात घ्यावासा वाटला का?' याला सगळे पटकन उत्तर देतात.

हे झालं मराठीचं. सोलापुरात तेलुगू, कन्नड आणि उर्दू घरात बोलणारी माणसं गल्लोगल्ली आहेत, आणि विडी-मागाच्या घरांत तेलुगू विशेष. त्या प्रत्येक भाषेत ही शोधाशोध नव्याने करावी लागेल. मराठीवरून तेलुगू करणं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. भाषांतरानंतर दहा-पंधरा रुग्णांजवळ बसून 'या प्रश्नाचा अर्थ तुम्ही काय घेतला?' हे विचारण्याची पायरीही रीतीत आहे. वेळ कमी पडला की नेमकी तीच गाळली जाते, असा माझा समज आहे.

कागद वाचून कोण दाखवतं, याचाही आकड्यावर परिणाम होतो. मूळ कल्पना अशी, की रुग्णाने एकट्याने, शांतपणे खुणा कराव्यात. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात वाचता न येणाऱ्या बाईसोबत तिचा पुतण्या किंवा सून असते. नववा प्रश्न पुतण्याने वाचला तर त्याचं उत्तर आधीच ठरलेलं आहे. नोकरीचा प्रश्न सुनेने वाचला तरी गंमत होते. सासू म्हणते 'काम होतं की', कारण सुनेपुढे काम होत नाही म्हणायचं नसतं. अशा ठिकाणी नात्याबाहेरच्या, शक्यतो त्याच भाषेच्या बाईने विचारावं, आणि कोणी विचारलं हे कागदावर नोंदवावं.

शिल्लक राहतो काळाचा प्रश्न. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. मुळापासून टोकापर्यंत नवं नख यायला सहा महिने लागतात, पायाच्या नखाला वर्ष-दीड वर्ष. मलमं नखातून फारशी आत जात नाहीत. नखाच्या मुळाशी इंजेक्शन देतात ते चांगलंच दुखतं. मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्या आहेत, महाग जैविक इंजेक्शनं आहेत. पण औषध लागू पडलं तरी खुणा नखाच्या वाढीच्या वेगानेच पुढे सरकतात. डीएलक्यूआय विचारते फक्त गेल्या आठवड्याविषयी. चौथ्या आठवड्यात विचारलं तर औषध निकामी वाटेल, आणि रुग्ण तेव्हाच सोडून देतो. दरम्यान सहा महिन्यांत माणूस सवयही करून घेतो: लसूण सुनेकडे जातो, पोलक्याला पुढे बटणं येतात, विड्यांऐवजी दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी येतात. आकडा सुधारतो, नख तसंच असतं. म्हणून 'अडचण आली का?' याच्या जोडीला 'काय करायचं सोडून दिलं?' हा प्रश्न हवाच.

विडी वळणाऱ्या ओळखीच्या एक बाई आहेत, त्यांच्यासमोर मी माझी वही वाचली. त्यांनी बहुतेक प्रश्न मान्य केले. कामाच्या प्रश्नापाशी थांबल्या. 'थोडं, बरंच, फार असं काय विचारताय ओ दादा? हजारातल्या किती परत येतात ते विचारा की. ते सगळ्यांना तोंडपाठ असतंय.' आधी किती यायच्या आणि आता किती, हेही त्यांनी लगेच सांगितलं, दोन्ही आकडे. ० ते ३ च्या घरात ते कसे बसवायचे, यावर सध्या काम चालू आहे.